फेरीबोट, फेणी आणि न लागणारी गाडी

मे महिन्यात गोव्यातल्या रायबंदरच्या धक्क्यावर फेरीबोटीसाठी रांग लावायची म्हणजे अर्धा-पाऊण तास चालू-बंद, चालू-बंद. रांग एका गाडीपुरती सरकते, आपण सरकतो, पुन्हा थांबतो. वारा सगळा मांडवीवर, बोनेटखाली काही नाही. मग गाडी बोटीवर चढते, इंजिन बंद होतं, थोड्या वेळात पलीकडचं चोडण बेट येतं, रॅम्प खाली पडतो आणि मागून हॉर्न सुरू होतात. आमची १९९६ची, तीन सिलिंडरांची, कार्ब्युरेटरवाली (म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा जुना यांत्रिक भाग असलेली) गाडी नेमकी तेव्हाच स्टार्ट व्हायची नाही. सकाळी घरून निघताना मात्र अर्ध्या सेल्फमध्ये लागायची.

बोटीवर सल्ला फुकट मिळतो. ‘किदें जालें?’ करत चारजण बोनेटभोवती जमले आणि चौघांचं निदान एकच: पेट्रोलने गॅस धरला, इंजिनावरच्या पेट्रोल ओढणाऱ्या पंपावर ओलं फडकं टाका. गाडी ढकलत धक्क्यावर काढली, फडकं टाकलं, त्यावर बाटलीतलं पाणी ओतलं. पंधरा-वीस मिनिटांनी किल्ली फिरवली तर एका झटक्यात सुरू. दोन उन्हाळे मी डिकीत फडकं घेऊन फिरलो.

मेकॅनिककडे तीनदा नेली. तो माझ्यासमोर गाडी बंद करून लगेच सुरू करून बघायचा. लागायची. मग हातातलं काम उरकून दोन तासांनी पुन्हा बघायचा, तेव्हाही लागायची. दाताच्या डॉक्टरकडे गेलं की दात दुखायचा थांबतो, तशातली गत. त्याने एकदा ठिणगीसाठी वीज देणारी कॉईल बदलली, एकदा प्लग, आणि तिसऱ्यांदा नुसतीच मान हलवली. आता कळतं की धागा तिथेच हातात होता. लगेच लागते, दोन तासांनी लागते, मधल्या पंधरा मिनिटांत लागत नाही. या मधल्या वेळात असं काय होतं?

पहिली गोष्ट म्हणजे यात सूर्याचा दोष कमी. पणजीत मे महिन्यात पारा ३३-३४ अंशांच्या आसपास असतो. चंद्रपूरला तो ४५ ओलांडतो आणि तिथेही जुन्या गाड्या चालतातच. खरी उष्णता गाडीची स्वतःची. चालू इंजिनात पाणी ८५-९० अंशांवर खेळतं, एक्झॉस्टचा लोखंडी मॅनिफोल्ड, म्हणजे धूर बाहेर नेणारी नळी, तर काही शे अंशांवर असतो. इंजिन चालू आहे तोवर पाण्याचा पंप आणि पंखा ही उष्णता बाहेर फेकत राहतात. किल्ली बंद केली की जुन्या गाडीत दोघेही थांबतात, पण तापलेलं लोखंड कुठे थांबतं? त्यातली उष्णता शेजारपाजारच्या गार भागांत शिरू लागते. म्हणून बंद केल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटं बोनेटखालचे बरेच भाग गार होण्याऐवजी आणखी तापतात. चुलीवरून उतरवलेल्या बिडाच्या तव्यावर शेवटची भाकरी करपते, तोच प्रकार.

यात सगळ्यात जास्त फरक पडतो तो कार्ब्युरेटरला. गाडी धावत असताना तो आश्चर्य वाटावं इतका गार असतो. पेट्रोलची वाफ होताना ते आजूबाजूची उष्णता शोषून घेतं, माठात पाणी गार होतं त्याच नियमाने. शिवाय टाकीतून ताजं पेट्रोल सतत येत असतं. इंजिन बंद झालं की माठ झिरपायचा थांबतो आणि कार्ब्युरेटर बसलेला असतो गरम इंजिनाच्या दुसऱ्या मॅनिफोल्डवर, म्हणजे हवा-पेट्रोल सिलिंडरांत नेणाऱ्या नळीवर. गाडी थांबताक्षणी मी त्याच्या अंगावर आरामात हात ठेवू शकत होतो. दहा मिनिटांनी चटका बसायचा, म्हणजे ५५-६० अंश तरी नक्की.

एवढ्याने पेट्रोलचं काय होतं, हे गोव्यात समजावणं सोपं आहे, कारण याच मोसमात काजूच्या भट्ट्या पेटलेल्या असतात. काजूबोंडांचा आंबलेला रस भाणात तापवला की त्यातला मद्यार्क आधी उडतो, पाणी बरंचसं मागे राहतं. वाफ नळीवाटे दुसऱ्या भांड्यात नेऊन बाहेरून पाण्याने गार केली की पहिल्या धारेचा हुर्राक मिळतो आणि पुन्हा गाळल्यावर फेणी. हलकं ते आधी उडतं, जड ते मागे राहतं. पेट्रोल हे तर शेकडो हायड्रोकार्बनांचं मिश्रण. त्याला पाण्यासारखा एक उत्कलनबिंदू नाहीच. त्यातले हलके घटक ३५-४० अंशांपासून उडायला लागतात आणि सगळ्यात जड घटकांना २०० अंशांच्या आसपास जावं लागतं. हे हलके घटक चुकून राहिलेले नाहीत. पावसाळ्यातल्या गार सकाळी गाडी लागते ती त्यांच्याच जोरावर. पण तापलेल्या कार्ब्युरेटरच्या वाटीत, जिथे पेट्रोल साठतं तिथे, आपल्या नकळत छोटी भट्टी लागते.

हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, म्हणजे फेणीतलाच मद्यार्क. शुद्ध इथेनॉल ७८ अंशांना उकळतं, तेव्हा ते मिसळल्यावर पेट्रोल उशिरा उकळेल असं वाटेल. होतं उलटं. मद्यार्काचे रेणू आपसांत हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून असतात. पेट्रोलच्या गर्दीत ते विखुरले की धरायला जोडीदार उरत नाही आणि ते सहज निसटतात. परिणामी मिश्रणाचा बाष्पदाब, म्हणजे वाफ होऊन उडण्याची ओढ, वाढतो. ही वाढ सर्वात जास्त असते ती ५ ते १० टक्के मिश्रणात, त्यापुढे हळूहळू उतरते. जुन्या गाडीला इथेनॉलचा त्याहून मोठा त्रास रबराचा आहे. त्या काळच्या नळ्या आणि पंपाचा पडदा या मिश्रणासाठी बनवलेले नव्हते. ते फुगतात, कडक होतात, चिरतात. नळ्या वेळीच बदला, हा सल्ला मी न विचारताही देतो.

आता फडक्याकडे. पेट्रोलने गॅस धरणं हे खरं दुखणं आहे. या जुन्या गाड्यांत पंप इंजिनालाच जोडलेला असतो आणि तो मागच्या टाकीतून पेट्रोल ओढतो. ओढणं म्हणजे दाब कमी करणं, आणि दाब कमी झाला की द्रव आणखी लवकर उकळतो. कुकरच्या नेमकं उलट. पेंटेनसारख्या हलक्या घटकाची वाफ झाली की तिला द्रवाच्या सुमारे दोनशे पट जागा लागते. पंपात असा बुडबुडा अडकला की पडदा त्या वाफेलाच दाबत आणि सोडत बसतो, पेट्रोल पुढे सरकतच नाही. अशा वेळी पंप गार केला की वाफेचा पुन्हा द्रव होतो. फडक्याचा उपाय भट्टीवरच्या गार पाण्याइतकाच शास्त्रशुद्ध आहे.

फक्त माझ्या गाडीला तोच आजार होता कशावरून? फडकं टाकायचं आणि वाट बघायची, या दोन गोष्टी मी कायम एकत्रच करत होतो. मग गुण कोणाचा? एका आठवड्यात दोनदा ही वेळ आली. एकदा फडकं टाकलं, एकदा हात न लावता सावलीत उभा राहिलो. दोन्ही वेळा जवळपास तेवढाच वेळ लागला. दोन प्रयोगांनी विज्ञान सिद्ध होत नाही, हे मान्य. पण फडक्यावरचा माझा विश्वास त्या दिवशी उडाला.

तेव्हा पहिल्यापासून सुरुवात केली, आणि पहिली पायरी म्हणजे कान. गरम गाडी लागत नाही म्हणजे सेल्फ फिरतच नाही, की सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पकडत नाही? ही दोन पूर्णपणे वेगळी दुखणी आहेत, आणि लोक दोन्हींना ‘स्टार्ट होत नाही’ म्हणतात.

नुसतं ‘टक’ होऊन गप्प बसणारी किंवा रडत फिरणारी गाडी असेल तर पेट्रोलचा विचारही करू नका. तिथे वीज कमी पडते. तांबं तापलं की त्याचा विद्युतरोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्क्याने वाढतो. एक्झॉस्टशेजारी बसलेला स्टार्टर, म्हणजे सेल्फची मोटर, ७० अंशांनी तापला तर त्याच्या वेटोळ्यांचा रोध जवळपास सव्वापट होतो. नव्या गाडीत हे खपून जातं. जुनीत आधीच कुठेतरी विजेची गळती असते, आणि गोव्यात ती बहुतेक वेळा बॅटरीचं निगेटिव्ह इंजिनाला जोडणाऱ्या अर्थिंगच्या पट्टीवर सापडते. खाडीची खारी, दमट हवा बोल्टखाली हिरवट-पांढरी भुकटी साठवत जाते. स्टार्टर १५० अँपिअर ओढत असताना त्या जोडात ओहमचा नुसता शंभरावा भाग रोध असला, तरी दीड व्होल्ट तिथेच संपतात. शोधायला साधा मल्टीमीटर पुरतो: एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूवर, आणि कोणालातरी सेल्फ मारायला सांगायचं. आकडा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला की पट्टी काढा, घासा, पुन्हा आवळा. नवीन बॅटरी घ्यायच्या आधी हे करा. बॅटरीवर उकाड्याचा परिणाम होतोच, पण तो महिन्यांनी दिसणारा, आयुष्य खाणारा; चांगली बॅटरी बोटीवरच्या पंधरा मिनिटांत मरत नाही.

आमचा सेल्फ मात्र खणखणीत फिरत होता. म्हणजे उरले दोन संशयित, करंट (म्हणजे प्लगची ठिणगी) आणि पेट्रोल. जुनी कॉईल, कंडेन्सर, इग्निशनचा मॉड्यूल हे सगळे गरम झाल्यावर दगा देणारे म्हणून प्रसिद्धच. प्लग उघडा धरून ठिणगी बघायची जुनी पद्धत मी टाळली. तापलेल्या, पेट्रोलचा वास मारणाऱ्या इंजिनाशेजारी ठिणगी पाडणं हा मूर्खपणा आहे. प्लग आणि वायरीच्या मधे बसणारा एक छोटा दिवा मिळतो, तो लावला. चोडणच्या धक्क्यावर, गाडी लागत नसताना, दिवा नियमित लुकलुकत होता. कॉईल आणि प्लगचे पैसे उगाच गेले होते.

वरचं वाक्य मी लिहून गेलो, पण तेव्हा ऐकलं नव्हतं: पेट्रोलचा वास. पंपात वाफ अडकून पेट्रोल पोहोचत नसेल तर वास कमी यायला हवा. इथे तर नाक भरून येत होता!

इंजेक्शनवाल्या गाड्यांत हा घोळ का कमी असतो, तेही इथेच सांगतो. त्यांचा पंप टाकीत, पेट्रोलमध्ये बुडलेला असतो आणि ओढण्याऐवजी सुमारे ३ बार दाबाने ढकलतो. कुकर म्हणतात तो हा. दाबाखालचं पेट्रोल सहजासहजी उकळत नाही. तरी त्यांचंही वय होतं. शेजाऱ्यांची अशी एक गाडी गरम झाली की सेल्फ फिरायचा पण लागायची नाही, आणि त्या वेळी आरपीएमचा काटा शून्यावरून हलायचाही नाही. क्रँकशाफ्टच्या सेन्सरमध्ये केसासारख्या बारीक तारेचं वेटोळं असतं. तापून ते प्रसरण पावलं की एखादी चीर उघडते, गार झालं की मिटते. सेन्सर गप्प, म्हणून संगणकाला इंजिन फिरतंय हेच कळत नाही, आणि तो ना ठिणगी देत ना पेट्रोल.

असो. शेवटी मी गाडी मेकॅनिककडे न्यायची सोडून मेकॅनिकलाच गाडीत बसवलं. रायबंदरची रांग, ऊन, बोट, सगळं त्याने माझ्याबरोबर भोगलं. चोडणला सेल्फ फिरला, गाडी लागली नाही. ती ढकलून बाजूला घेतली आणि त्याने एअर फिल्टरचं झाकण काढलं. इंजिन बंद होतं, तरी कार्ब्युरेटरच्या घशात पेट्रोल थेंब थेंब टपकत होतं आणि वर हवा थरथरत होती. वाटीतलं पेट्रोल उकळून, उतू जाऊन, थेट मॅनिफोल्डमध्ये पडत होतं. आम्ही समजत होतो पेट्रोल पोहोचत नाही. इंजिन तर पेट्रोलमध्ये बुडालं होतं.

झाकण लावून तो आत बसला, ॲक्सिलरेटर पुन्हा पुन्हा न मारता तळापर्यंत दाबून धरला, आणि सेल्फ दिला. थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, पूर्ण उघडा राहिल्याने भरपूर हवा आत गेली, जादा पेट्रोल उडालं. सात-आठ सेकंदांत काळा धूर सोडत इंजिन लागलं. मी दोन उन्हाळे याच्या उलट करत होतो: लागत नाही म्हणून ॲक्सिलरेटर पुन्हा पुन्हा मारायचो, आणि प्रत्येक वेळी आणखी एक पिचकारी आत.

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये कार्ब्युरेटर उतरवला. त्याच्याखाली, मॅनिफोल्डच्या मधे, बेकेलाइटची जाड चकती असायला हवी. उष्णता वर चढू नये एवढंच तिचं काम. ती तिथे नव्हती. पूर्वी कधीतरी कोणीतरी कार्ब्युरेटर साफ करताना ती तुटली असावी, आणि त्या जागी हाताने कापलेलं पातळ गॅस्केट बसवलेलं होतं. धातूवर जवळपास धातू. चकती म्हापशाच्या एका जुन्या स्पेअर पार्टच्या दुकानात मिळाली. वाटीत पेट्रोल किती भरायचं ते अडवणारी फ्लोटची सुईही झिजलेली होती, तीही त्याच हाताने बदलली.

डिकीतलं फडकं आता काच पुसायला लागतं. चोडणला रॅम्प पडला की मागचा एखादा ओळखीचा मात्र अजून आधीच हॉर्न वाजवून ठेवतो.