कणसाचा रंग, कणसाचे केस

पाऊस लागला की रंकाळ्यावर आणि पन्हाळ्यावर कणसांचे गाडे दिसू लागतात. निखाऱ्यावर भाजायचं, लिंबू, मीठ, तिखट चोळायचं आणि खायचं. औषध म्हणून कोणी कणीस खात नाही, ते बरंच आहे. पण त्या दाण्याचा पिवळा रंग थोडा थांबून बघण्यासारखा आहे.

हा रंग मुख्यतः ल्युटीन आणि झिअ‍ॅक्सँथिन या दोन द्रव्यांचा. पांढऱ्या मक्यात ती जवळजवळ नसतात. आपल्या डोळ्याच्या पडद्यावर जिथे नजर सर्वांत तीक्ष्ण असते, नेमकी तिथे हीच दोन द्रव्यं साठतात आणि निळा प्रकाश काही प्रमाणात शोषून घेतात. शरीराला ती स्वतः बनवता येत नाहीत. ती चरबीत विरघळतात, त्यामुळे कणसाला लोणी लावणं ही निव्वळ चैन नव्हे! मका खाणाऱ्या कोंबडीच्या अंड्याचा बलक पिवळाधमक होतो, तोही यांच्यामुळेच.

मग गोळ्या घ्याव्यात का? उतारवयात नजर जाण्याच्या एका विकारावर अमेरिकेत चार हजारांवर लोकांची मोठी चाचणी झाली. २०१३ साली आलेला निकाल सावध करणारा होता. आधीच्या जीवनसत्त्व-जस्ताच्या गोळीत ही द्रव्यं नुसती मिसळून ठळक जादा फायदा दिसला नाही. मात्र त्या आधीच्या गोळीतलं बीटा-कॅरोटीन धूम्रपान करणाऱ्यांना घातक ठरत असल्यानं, त्याच्या जागी ही घालणं सुरक्षित ठरलं.

दाण्याच्या सालीत फेरुलिक आम्ल हे अँटिऑक्सिडंट, म्हणजे पेशींची हानी रोखणारं द्रव्य, भरपूर असतं, पण ते पेशीभित्तीला घट्ट चिकटलेलं. उष्णतेनं ते सुटतं. स्वीटकॉर्न शिजवल्यावर क जीवनसत्त्व घटलं, तरी अँटिऑक्सिडंट क्षमता वाढली, असं कॉर्नेल विद्यापीठात २००२ साली आढळलं.

राहिले केस, जे आपण सोलून फेकतो. लघवी साफ होण्यासाठी त्यांचा काढा चीनपासून अमेरिकेपर्यंत घेतला जातो. प्राण्यांवरचे प्रयोग आशादायक आहेत, पण माणसांवरचा पुरावा तोकडा. मुतखड्याचा इलाज त्यावर सोपवू नये. मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारावं. या केसांतलं मेसिन नावाचं द्रव्य झाड मुळात अळ्यांना आवर घालण्यासाठी बनवतं. २०१८ साली देशात शिरलेल्या लष्करी अळीला मात्र ते पुरेसं पडत नाही, म्हणून शेतकरी फवारणी करतात. तेव्हा कुठल्या रानातलं कणीस आहे हे ठाऊक नसेल, तर त्याचे केस उकळून पिऊ नयेत.