नाणी किती पाडली, एवढ्यावर भाव ठरत नाही

‘टांकसाळीने कमी पाडलं म्हणजे महागच’ हा समज काही हटत नाही. १९११चा पंचम जॉर्जचा रुपया घ्या. मुंबई आणि कलकत्ता मिळून सुमारे ९४ लाख पाडले. पण राजाच्या झग्यावरच्या हत्तीची सोंड आखूड, तो डुकरासारखा दिसतो म्हणून ओरड झाली. चलनात गेले सुमारे ७ लाखच, बाकीचे वितळवले. आकडा पाडल्याचा असतो, उरल्याचा नव्हे. पुढे प्रश्न गिऱ्हाइकाचा: मोजकीच पाडलेली, पण कुणालाच नको असलेली नाणी धूळ खात पडतात. शिवाय अवस्था! मुकुटाची नक्षी झिजलेला किंवा हौसेने चिंचेने घासून चकचकीत केलेला रुपया जाणकार बाजूलाच सारतो.