वॉर्ड (मॅक अन वॉर्ड)

आयर्लंडमधील एक व्यवसायदर्शक आडनाव. गेलिक रूप ‘मॅक अन वॉर्ड’, म्हणजे ‘बार्डाचा (कवीचा) मुलगा’. आयरिशमध्ये उपपदानंतर पुल्लिंगी नामाच्या षष्ठीत आद्य ‘ब’ मृदू होतो व ‘व’सारखा उच्चारला जातो. ‘बार्ड’चे ‘वॉर्ड’ होते ते असे. इंग्रजी लेखनात हा उच्चार कायम राहिला, ‘मॅक अन’ मात्र बहुधा गळले. लोहारवाचक ‘मॅक गोवन’चे अनेक ठिकाणी सरळ भाषांतर होऊन ‘स्मिथ’ झाले, तसे येथे घडले नाही. इंग्लंडमधील ‘वॉर्ड’ हे पहारेकरी या अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दापासून आलेले वेगळेच आडनाव होय. म्हणून आयर्लंडमधील प्रत्येक वॉर्ड कुटुंब कवींच्या वंशातले समजणे धोक्याचे आहे.

खरा पेच ‘बार्ड’ या पदाचा आहे. प्राचीन आयरिश कायदेग्रंथांत बार्डाचे स्थान ‘फिली’ या शास्त्राभ्यासी कवीच्या खाली आहे. उत्तरमध्ययुगात मात्र हे घराणे फिलीचेच काम करताना दिसते : अक्षरसंख्या व यमकांचे काटेकोर बंधन पाळणारी रचना, आश्रयदात्याची स्तुती, मृत्युगीते. मूळपुरुष खरोखर कनिष्ठ बार्ड होता व वंशजांचा दर्जा पुढे वाढला, असा एक उलगडा संभवतो. तथापि साधारण बाराव्या शतकाच्या सुमारास हे दोन वर्गच एकमेकांत मिसळले असावेत, हे अधिक पटते.

घराण्याच्या दोन शाखा आढळतात : पूर्व गॉलवेत ओ’केली या सरदारघराण्याच्या आणि डॉनेगलमध्ये ओ’डॉनल या सरदारघराण्याच्या आश्रयाची. बॅलीमॅकवॉर्ड व लेटरमॅकवॉर्ड ही गावांची नावे त्यांची साक्ष देतात. डॉनेगल शाखा गॉलवेतूनच फुटली असावी, असे काही अभ्यासक मानतात.

या घराण्यातील फर्गल ओग या कवीने राजा पहिल्या जेम्सच्या तीन मुकुटांवर (इंग्लंड, स्कॉटलंड व आयर्लंड) कविता रचली. १६०७ मध्ये उत्तरेकडील सरदारांनी देश सोडला. त्यांपैकी रोममध्ये वारलेल्यांच्या थडग्यापाशी शोक करणाऱ्या नुआला ओ’डॉनलला उद्देशून याच घराण्यातील ओवेन रुआ याने लिहिलेले विलापगीत या घराण्याची सर्वांत हृदयस्पर्शी रचना ठरते. फ्रान्सिस्कन पंथातील ह्यू वॉर्ड (मृत्यू १६३५) याने लूव्हाँ (बेल्जियम) येथून आयरिश संतचरित्रे जमवण्याचे काम उभारले. त्यासाठी १६२६ मध्ये मीहॉल ओ क्लेरी या त्याच पंथातील साधूला हस्तलिखितांच्या नकला करण्यास आयर्लंडला धाडण्यात आले. या संग्रहाच्या आधारे जॉन कोल्गनने १६४५ मध्ये ग्रंथ छापला.

आयरिश ट्रॅव्हलर या भटक्या समाजातही हे आडनाव बरेच आढळते.