हृदयध्वनी

हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर छातीवर ऐकू येणारे आवाज. कानाला ते ‘लब्‌-डब्‌’ असे लागतात. हा आवाज हृदयाचे स्नायू आवळल्याचा, असे पुष्कळांना वाटते. खरे तर झडपा मिटताच वाहते रक्त एकदम अडते आणि त्या हिसक्याने झडपा, हृदयाच्या भिंती व रक्त थरथरते, त्याचा हा ध्वनी. निलये, म्हणजे हृदयाचे खालचे दोन कप्पे, आवळू लागताच वरच्या व खालच्या कप्प्यांमधल्या द्विदल व त्रिदल झडपा मिटतात, तो पहिला; जरा लांबट, खर्जातला. हृदयातून निघणाऱ्या महारोहिणी व फुप्फुस रोहिणी या मोठ्या रक्तवाहिन्यांच्या तोंडच्या झडपा मिटतात, तो दुसरा. आखूड आणि टणक. मिनिटाला सत्तरेक ठोके असताना पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत सुमारे 0.3 सेकंद जातो, पुढची विश्रांती सुमारे 0.5 सेकंदाची. ख्याल ऐकत वाढलेल्या ग्वाल्हेरकराला ही लय समजावून सांगावी लागत नाही.

श्वास आत घेतला की दुसरा ध्वनी किंचित दुभंगतो; हे निरोगीपणाचेच. श्वास आत असो वा बाहेर, फट तेवढीच राहिली, तर अलिंदांमधल्या, म्हणजे हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या, पडद्याला छिद्र असल्याचा संशय येतो. दुसऱ्यापाठोपाठ कधी येणारा तिसरा ध्वनी मुलांत स्वाभाविक, उतारवयात मात्र हृदय थकल्याची खूण ठरू शकतो.

ध्वनींच्या मधल्या जागेत येणारी घरघर किंवा फूत्कार म्हणजे मर्मर. रक्त खळबळून वाहिले की ती उठते. ताप, रक्तक्षय, गरोदरपण यांतही ती येते; निरोगी मुलांतही. त्यामुळे नुसत्या मर्मरीने घाबरू नये, इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्यावा.

दुर्लक्ष करू नये ते घशाकडे. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आपल्या घरांत पोराचा घसा धरला की हळद-दुधावर भागते. बहुतेकदा चालते. पण स्ट्रेप्टोकोकस जंतूंनी घसा आला आणि उपचार राहिले, तर काही मुलांना दोन-तीन आठवड्यांनी सांधेज्वर होतो. सांधे बरे होतात, द्विदल झडप कायमची जायबंदी होऊ शकते. पुढे गरोदरपणी रक्त चाळीसेक टक्क्यांनी वाढते आणि धाप लागते, तेव्हा कित्येकींना ते प्रथम कळते.

अशा जायबंदी द्विदल झडपेची मर्मर फार हळू आवाजाची असते. 1946 मध्ये स्थापन झालेल्या ग्वाल्हेरच्या गजरा राजा वैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी ती ऐकायला शिकवतात ते असे: रुग्णाला डाव्या कुशीवर वळवायचे, स्टेथोस्कोपची छोटी वाटी डाव्या स्तनाखाली अलगद टेकवायची, श्वास सोडून थांबायला सांगायचे. मे महिन्यातल्या 45 अंशांतही पंखा तेवढ्यापुरता बंद करावा, इतके तिचे मोल आहे. झडप बिघडल्याचे लहानपणीच कळले, तर दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलीनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे देऊन सांधेज्वराचा पुढचा झटका टाळता येतो.