कांद-सँ-मार्तँ

फ्रान्सच्या मध्य-पश्चिम भागातील, ल्वार आणि व्हिएन या नद्यांच्या संगमावर वसलेले एक लहान खेडे. लोकसंख्या सु. २००. अँद्र-ए-ल्वार जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, तूर शहराच्या नैर्ऋत्येस सु. ५० किमी. आणि सोम्यूरच्या आग्नेयीस सु. १२ किमी. अंतरावर ते आहे. तूरचे बिशप संत मार्तँ (मार्टिन) यांचा मृत्यू येथे झाला, यामुळे खेड्याच्या आकाराच्या मानाने त्याचे नाव फार पूर्वीपासून दस्तऐवजांत आढळते.

मिल्व्हाश पठारावर उगम पावणारी व्हिएन नदी येथे डावीकडून ल्वारला मिळते. गाव व्हिएनच्या डाव्या काठावर, पाणी आणि चुनखडीचा कडा यांमधील अरुंद पट्टीत आहे. घरे त्यामुळे उतारावर एकावर एक चढत गेली आहेत. ल्वारचे पाणी हंगामाप्रमाणे फार कमीजास्त होते. उन्हाळ्यात वाळूची बेटे उघडी पडतात, तर पुराच्या वेळी (उदा., १८५६) सखल काठ पाण्याखाली जातो. कड्याचा पांढरट, सच्छिद्र दगड ‘त्युफो’ या नावाने ओळखला जातो व तो उत्तर क्रिटेशस काळातील तुरोनियन वयाचा (सु. नऊ कोटी वर्षांपूर्वीचा) आहे. तो करवतीने कापता येण्याइतका मऊ असल्याने परिसरातील चर्च, वाडे व साधी घरेही त्याचीच आहेत. रिकाम्या झालेल्या खाणींच्या बोगद्यांत पुढे दारूची कोठारे व अळंबीची लागवड आली.

गावाचे प्राचीन नाव कोंदाते. गॉलिश भाषेत (गॉल म्हणजे प्राचीन फ्रान्सच्या प्रदेशातील भाषेत) त्याचा अर्थ ‘संगम’ असा होतो. याच नावाच्या वस्त्या गॉलमध्ये अनेक होत्या. तेव्हा जुन्या ग्रंथात ‘कोंदाते’ दिसले की ते हेच, असे धरून चालत नाही. तूरच्या ग्रेगरीने (सहावे शतक) मार्तँने ज्या गावांत चर्चे स्थापली त्यांच्या यादीत याचा उल्लेख केला आहे, तो मात्र निःसंदिग्ध मानला जातो.

मार्तँच्या मृत्यूविषयी दोन मुख्य साधने आहेत. पहिले म्हणजे त्याचा समकालीन चरित्रकार सुल्पिसियस सेव्हेरस याने आपल्या सासूला, बासुलाला, लिहिलेले पत्र. येथील पाद्र्यांमधला तंटा मिटवण्यासाठी वृद्ध बिशप आला, समेट झाला, पण परत निघण्यापूर्वीच तो आजारी पडला. शिष्यांनी अंगाखाली निदान थोडा पेंढा तरी घालू द्या म्हणून विनवले, तरी राखेवरच पडून राहिला, असे त्यात म्हटले आहे. दुसरे साधन ग्रेगरीचा इतिहासग्रंथ. मृत्यू रविवारी मध्यरात्री, आटिकस व सीझेरियस यांच्या कॉन्सलपदाच्या वर्षी (रोमन लोक वर्ष त्या वर्षीच्या कॉन्सल या दोन उच्चाधिकाऱ्यांच्या नावाने ओळखत), म्हणजे इ. स. ३९७ मध्ये झाला, असे तो सांगतो. पण त्याच वाक्यात आर्केडियस व होनोरियस या सम्राटांचे दुसरे वर्षही देतो. त्या दोघांची कारकीर्द ३९५ च्या जानेवारीत सुरू झाली असल्याने हिशोब ३९६ कडे झुकतो. कॉन्सलांची नावे अधिक भरवशाची समजून बहुतेक अभ्यासक ३९७ हेच वर्ष घेतात. परंपरेने मृत्युदिन मानलेला ८ नोव्हेंबर त्या वर्षी रविवारीच येतो, ही गोष्टही या मताला पूरक आहे. मृत्युसमयीचे वय मात्र वादग्रस्त आहे : ग्रेगरीच्या मते ८१ वे वर्ष (म्हणजे जन्म सु. ३१६), तर सेव्हेरसने दिलेल्या लष्करी नोकरीच्या तपशिलांवरून काही जण जन्म सु. ३३६ मध्ये टाकतात.

पार्थिवाच्या चोरीची प्रसिद्ध हकिगत केवळ ग्रेगरीकडे येते. प्वात्ये (दक्षिणेकडील शहर) व तूर या दोन्ही ठिकाणचे लोक शवापाशी जमले. मार्तँ आमच्याकडे मठाधिपती होता, असे प्वात्येकरांचे म्हणणे. तर बिशपला त्याच्या नगरातच पुरावे, असे तूरकरांचे. भांडणात दिवस मावळला. दारे लावून दोन्ही पक्षांनी पहारा ठेवला. पण मध्यरात्री प्वात्येकरांना झोप लागली, आणि तूरकरांनी देह खिडकीतून बाहेर सरकवून नावेत घातला. व्हिएनमधून ल्वारमध्ये शिरून स्तोत्रे गात ते तूरकडे निघाले. त्या आवाजाने प्वात्येकर जागे झाले, तोवर उशीर झाला होता. तूरला ११ नोव्हेंबरला दफन झाले आणि संताचा सण याच दिवशी पाळला जातो.

सेव्हेरसच्या पत्रात या तंट्याचा मागमूस नाही. तेथे अंत्ययात्रेला सामोरे आलेले अवघे नगर आणि सुमारे दोन हजार साधू एवढेच दिसतात. ग्रेगरी सुमारे पावणेदोनशे वर्षांनंतर लिहीत होता आणि स्वतः तूरचा बिशप होता, हे लक्षात घेतले, तर ही कथा तूरच्या हक्काचे समर्थन म्हणून वाचणे अधिक सयुक्तिक ठरते. जलप्रवास मात्र अशक्य कोटीतला नाही. तूर प्रवाहाच्या वरच्या बाजूला असले, तरी ल्वारवरच्या नावा पश्चिमेच्या वाऱ्यावर शीड उभारून प्रवाहाविरुद्ध जात असत. नाव जाताना दोन्ही काठांना ऐन नोव्हेंबरात फुले आली, हा भाग ग्रेगरीत नाही. तो नंतरच्या लोककथेचा. नोव्हेंबरातल्या उबदार दिवसांना फ्रान्समध्ये ‘संत मार्तँचा उन्हाळा’ म्हणतात, त्याचा संबंध या कथेशी जोडतात.

सध्याचे चर्च बाराव्या शतकाच्या अखेरीपासून तेराव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत बांधले गेले असावे. गोथिक शैलीचा आंजूकडील प्रकार येथे आढळतो : घुमटाप्रमाणे फुगीर छत, सडपातळ खांब, मधली व बाजूची दालने जवळपास सारख्या उंचीची. उत्तरेकडील द्वारमंडपाचे सगळे छत मध्यभागी उभ्या असलेल्या एकाच बारीक खांबावर पेललेले असून भोवती मूर्तींच्या रांगा आहेत. त्यांतील काहींची मोडतोड झाली आहे. पंधराव्या शतकात इमारतीला तटबंदीचे रूप देण्यात आले, त्यामुळे दर्शनी भाग किल्ल्यासारखा दिसतो. जवळच तूरच्या आर्चबिशपांचा वाडा आहे.

नदीवरची मालवाहतूक एकोणिसाव्या शतकात रेल्वेमुळे संपली. ल्वार खोऱ्याच्या सुली ते शालोन या पट्ट्याचा २००० मध्ये यूनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला, त्यात हे गावही येते. पश्चिमेकडील माँसोरोची घरे कांदच्या घरांना लागूनच आहेत, तरी ते गाव मेन-ए-ल्वार जिल्ह्यात व वेगळ्या प्रशासकीय प्रदेशात मोडते. तूरेन आणि आंजू या जुन्या प्रांतांची हद्दही येथूनच जात असे. फाँतव्रोचा मठ दक्षिणेस सु. ४ किमी. वर आहे.