नऊवारी 'सहज' नेसली तर कुणाचा अपमान होतो?

पाडव्याच्या सकाळी ठाण्यात तलावपाळीला स्वागतयात्रा पाहायला उभं राहिलं की बुलेटवर बसलेल्या, नऊवारी नेसलेल्या, गॉगल लावलेल्या मुली दिसतात. त्या दिवशी त्यांचं कौतुक होतं. त्यांच्यातलीच एखादी दुसऱ्या दिवशी नऊवारीवर स्पोर्ट्स शूज घालून ऑफिसला निघाली, तर 'परंपरेचा खेळ मांडलाय' असं ऐकायला मिळतं. या नाराजीमागे एक समज आहे, की नऊवारी हे जपून ठेवायचं, सणावाराचं वस्त्र. हा समज फार जुना नाही.

नऊ वार म्हणजे जवळपास सव्वाआठ मीटर कापड. एवढं कापड अंगावर असूनही कासोट्यामुळे दोन्ही पाय सुटे राहतात. भाताची लावणी, विहिरीचं पाणी, डोक्यावरचा भारा हे सगळं त्या लुगड्यातच होत असे. पेटीत जपून ठेवायचे ते शालू आणि पैठणी. लुगडं रोज धुऊन वाळत घालायचं असे. पुढे विसाव्या शतकात शहरातल्या, शिकलेल्या, नोकरीला लागलेल्या बायकांनी पाचवारी स्वीकारली, तेव्हा नाकं मुरडली गेली ती या नव्या गोल साडीला. मग आजीची पिढी सरली तशी नऊवारी रोजच्या दोरीवरून उतरली आणि लग्न, मंगळागौर, पाडवा एवढ्यापुरती उरली. १९९९ मध्ये डोंबिवलीच्या गणेश मंदिर संस्थानाने पाडव्याची स्वागतयात्रा सुरू केली, ठाण्यातही ती रुजली, आणि वर्षातून एकदा हौसेने नऊवारी नेसायची रीत पडली. वापर कमी झाला तसं तिच्याभोवतीचं सोवळं वाढलं, असं मला वाटतं.

पण 'आमची परंपरा' म्हणताना त्या 'आमची'त कोण कोण येतं, हेही पाहायला हवं. लुगडं कसं नेसायचं, गुडघ्याच्या वर की घोट्यापर्यंत, यावरून बाईची जात ओळखली जात असे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्य मानलेल्या समाजातल्या बायकांना नेमकं हेच सांगितलं, की जातीची खूण पटवणारी नेसण सोडा, गळ्यातले आणि हातातले कथलाचे जड दागिने टाका. त्या बायकांनी तिथल्या तिथे नेसण बदलली. परंपरेतला वेश सोडणं हाच त्यांच्यासाठी मानाचा मार्ग होता. म्हणून 'पारंपरिक वेशाचा मान राखा' हे वाक्य सगळ्यांना सारखं लागू होत नाही.

आमच्या भागातलं याहून जवळचं उदाहरण कोळणींचं. ठाण्यातल्या चेंदणीपासून बेलापूरजवळच्या दिवाळ्यापर्यंत कोळीवाड्यांतल्या बायका आडवं लुगडं नेसत. गुडघ्यापर्यंत, घट्ट, चिखलात आणि पाण्यात उतरायला सोयीचं. वर चोळी आणि वेगळी फडकी. १९७० मध्ये नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ, सिडको आली, ठाणे, पनवेल, उरणच्या ९५ गावांच्या जमिनी संपादनात गेल्या, मिठागरं आणि शेतं गेली. ज्या कामासाठी ते लुगडं तसं नेसलं जायचं ते कामच आटलं. सुनांनी गोल साडी घेतली, मग मॅक्सी. आता नारळी पौर्णिमेला आणि हळदीला नाती हौसेने लुगडं नेसतात. मोबाइलवर फोटो निघतात. त्यात मला काहीही वावगं दिसत नाही. उलट नेसवायला आजी लागते, आणि तेवढ्या निमित्ताने ती शेजारी बसते. शिवलेली, चेन लावलेली नऊवारी आली तेव्हा मात्र मला हळहळ वाटली, कारण मराठीत लुगडं 'नेसतात', 'घालत' नाहीत, आणि निऱ्या कशा घ्यायच्या, ओचा कुठे खोचायचा हे हातातलं ज्ञान शिंप्याच्या मशीनपाशी थांबतं. तरी तोही अपमान नव्हे.

अपमान मी पाहिला आहे तो दुसरीकडे. शाळेच्या गॅदरिंगला लेकीला कोळणीचं लुगडं, अंबाडा, प्लास्टिकची टोपली देऊन स्टेजवर चढवणारे पालक मी पाहिले आहेत. आणि खरं लुगडं नेसून, खरी पाटी घेऊन लोकलच्या मालडब्यात चढणाऱ्या मावशी चुकून बायकांच्या डब्यात आल्या की नाकाला रुमाल लावून 'पुढच्या डब्यात जा' म्हणणारेही.