बिल्ड स्क्रिप्ट पाठवण्यापूर्वी : ओळींच्या शेवटाविषयी

"विंडोजवर व्यवस्थित चालणारी स्क्रिप्ट तुमच्या लिनक्स सर्व्हरवर का अडते?" हा प्रश्न आमच्या ठाण्यातील वागळे इस्टेटमधील कार्यालयात इतक्या वेळा विचारला जातो की त्याचे उत्तर लिहूनच ठेवणे सोयीचे वाटले. बिल्ड स्क्रिप्ट म्हणजे प्रोग्राम तयार करण्याच्या आज्ञांची फाइल. ग्राहकांनी पाठवलेल्या अशा स्क्रिप्टमधील आज्ञा बहुतेक वेळा बरोबर असतात, चूक ओळींच्या शेवटी असते.

विंडोजमध्ये ओळ संपताना 'कॅरेज रिटर्न' आणि 'लाइन फीड' अशी दोन चिन्हे लिहिली जातात, तर लिनक्स व मॅकमध्ये केवळ दुसरे. विंडोजवर जतन केलेल्या शेल स्क्रिप्टच्या (लिनक्स व मॅकवरील आज्ञांच्या फाइलच्या) पहिल्या ओळीत ती चालवणाऱ्या 'बॅश' या प्रोग्रामच्या नावाला ते अदृश्य कॅरेज रिटर्न चिकटते आणि लिनक्स त्या शेपटासकट नावाचा प्रोग्राम शोधू लागतो. तो अर्थातच सापडत नाही आणि 'बॅड इंटरप्रिटर : नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' असा किंवा तशाच अर्थाचा संदेश येतो. डोळ्यांसमोर असलेली फाइल नाही असे सांगणाऱ्या या संदेशामुळे पाथ (फाइलचा पत्ता) तपासण्यात अर्धा दिवस जातो आणि मग आम्हाला फोन येतो.

यावर उपाय म्हणजे रिपॉझिटरीत, म्हणजे फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या 'गिट' या प्रणालीतील प्रकल्पाच्या साठ्यात, 'डॉट गिटअ‍ॅट्रिब्यूट्स' ही फाइल ठेवून शेल स्क्रिप्टसाठी लाइन फीड आणि बॅच फाइलसाठी (विंडोजवरील आज्ञांच्या फाइलसाठी) विंडोजची पद्धत नेमून देणे. त्यानंतर 'गिट अ‍ॅड' ही आज्ञा 'रीनॉर्मलाइज' पर्यायासह एकदा चालवून बदल कमिट करावे, म्हणजे रिपॉझिटरीत नोंदवावे लागतात. नेमकी हीच पायरी राहून जाते आणि आधी साठवलेल्या फाइली तशाच राहतात. प्रत्येकाच्या संगणकावरील गिटची सेटिंग बदलत बसण्यापेक्षा हे बरे, कारण नवा सहकारी रुजू झाला तरी नियम प्रकल्पासोबतच असतो.

आम्हीच फाइल परस्पर दुरुस्त का करत नाही, अशी तक्रार काही ग्राहक करतात. तसे केल्यास आमची प्रत तुमच्या प्रतीपासून वेगळी होते आणि पुढच्या आवृत्तीत तीच अडचण पुन्हा उभी राहते. म्हणून आम्ही स्क्रिप्ट परत पाठवतो, मात्र चुकीच्या फाइलींची यादी सोबत विनाशुल्क देतो.

ओळींच्या शेवटाखेरीज आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. 'लोगो' असे एखाद्या फाइलचे इंग्रजी नाव एकीकडे मोठ्या (कॅपिटल) व दुसरीकडे लहान अक्षरांत असले, तरी विंडोज सहसा चालवून घेते, लिनक्स नाही. मॅकसोबत येणारे बॅश अजूनही 3.2 आवृत्तीचे असल्याने त्यात असोसिएटिव्ह अ‍ॅरे (क्रमांकाऐवजी नावाने मूल्ये साठवणाऱ्या याद्या) चालत नाहीत. वार्षिक करार असलेल्या ग्राहकांची प्रत्येक स्क्रिप्ट आम्ही तिन्ही प्रणालींवर चालवून पाहतो. इतरांनी निदान पहिला बिल्ड मुदतीच्या दोन दिवस आधी पाठवावा.